घर भाड्याने देताय? एजंटला काय सोपवायचं आणि आपल्या हातात काय ठेवायचं

सकाळी साडेसहाला फोन वाजला. खालच्या मजल्यावरच्या काकू बोलत होत्या. ‘‘ताई, तुमच्या फ्लॅटचं पाणी आमच्या देव्हाऱ्यावर गळायलंय. वर कुलूप आहे.’’ मी लातूरला, फ्लॅट छत्रपती संभाजीनगरला गारखेडा भागात. मधे एसटीचे सहा-सात तास. भाडेकरूंचा नंबर माझ्याकडे नव्हता, तो एजंटकडे होता. एजंटला फोन लावला तर तो म्हणाला, ‘‘मॅडम, माझं काम भाडेकरू देण्यापर्यंत. पुढचं तुमचं तुम्ही बघा.’’

झालं होतं असं, की टाकी रिकामी असताना स्वयंपाकघरातला नळ उघडा राहिला आणि भाड्याने राहणारी पोरं शनिवार-रविवारला गावी गेली. पहाटे मोटार चालू झाली, टाकी भरली, नळ वाहू लागला. सिंकच्या जाळीत रात्रीचा भात अडकलेला होता, त्यामुळे पाणी ओट्यावरून खाली आणि तिथून स्लॅबमधून काकूंच्या घरात. शेवटी काकूंच्याच मुलाने गच्चीवर जाऊन आमच्या लाइनचा कॉक बंद केला. त्यांच्या छताचं प्लास्टर आणि रंग मी करून दिला, ते योग्यच होतं.

एजंटवर तेव्हा खूप चिडले होते. नंतर शांतपणे विचार केला तेव्हा दिसलं, की त्याने काय करायचं हे मी कधी विचारलंच नव्हतं. एका महिन्याचं भाडं दलाली म्हणून दिलं आणि घर त्याच्या हवाली केलं, असं मी मनाशी धरून बसले होते. त्याने मात्र फक्त भाडेकरू आणून दिला होता.

लातूरच्या आमच्या घरावर तीन खोल्या आहेत. त्या अकरावी-बारावीच्या लेकरांना देते आणि सगळं स्वतः बघते, त्याला आता चौदा वर्षं झाली. संभाजीनगरचा फ्लॅट मुलाच्या शिक्षणासाठी घेतलेला, तो नोकरीला गेल्यावर भाड्याने दिला. त्यामुळे दोन्ही प्रकार अंगावर घेऊन झाले आहेत. त्यातून जे हाती लागलं ते इथे सविस्तर लिहिते. ‘एजंट बरा की आपण स्वतः बरं?’ असा सरसकट प्रश्न विचारला की फसायला होतं. भाड्याचं घर सांभाळणं म्हणजे दहा-बारा वेगवेगळी कामं असतात. प्रत्येक काम वेगळं धरून, हे कोण करणार, असं ठरवावं लागतं.

आधी कामांची यादी, मग माणूस

एक कोरा कागद घ्या आणि लिहा: भाडेकरू शोधणं, घर दाखवणं, माणूस पारखणं, करार, पोलिसांना माहिती, अनामत घेणं, दरमहा भाडं, वीजबिल, पाणी, दुरुस्ती, सोसायटी, घरपट्टी, आयकर, आणि शेवटी घर रिकामं करून घेणं. मराठवाड्यात ‘एजंट’ म्हणजे बहुतेक ठिकाणी यातली पहिली दोन कामं करणारा, फार तर करारासाठी धावपळ करणारा माणूस. महिन्याच्या महिन्याला घर सांभाळणारी व्यवस्था संभाजीनगरात शोधली तर मिळते. लातूर, नांदेड, बीड, परभणीत ते काम बहुधा शेजारी, मेहुणा, वॉचमन किंवा खालची मेस चालवणाऱ्या मावशीच करत असतात, फक्त त्याला कोणी नाव दिलेलं नसतं.

माझा अनुभव असा. शोधणं आणि दाखवणं खुशाल देऊन टाका. दुरुस्तीसाठी जागेवर जाणंही देता येतं. पण भाडेकरूला शेवटचा होकार, कराराचा मजकूर, अनामत, भाडं जमा होणारं खातं आणि मीटरचं रीडिंग या पाच गोष्टी आपल्याच हातात राहू द्या. घर कितीही लांब असलं तरी हे फोनवरून जमतं.

पैशांचा हिशेब

समजा भाडं 8,000 रुपये आहे. दलाली एका महिन्याची, आणि करार 11 महिन्यांचा. म्हणजे 88,000 मधले 8,000 गेले, साधारण नऊ टक्के. तोच भाडेकरू दुसऱ्या वर्षी राहिला तर हा भार निम्मा होतो, म्हणून कराराच्या नूतनीकरणाला पुन्हा दलाली लागणार का हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या. काही एजंट निम्मी मागतात, काही मागत नाहीत.

आता दुसरी बाजू. घर एक महिना रिकामं पडलं तरी तेच 8,000 जातात. एजंटने तुमच्यापेक्षा महिनाभर आधी चांगला माणूस आणला तर त्याची दलाली तिथेच फिटली. संभाजीनगरच्या वाळूज, बजाजनगर, चिकलठाणा, शेंद्रा भागात कंपन्यांमध्ये माणसं सतत येत-जात असतात आणि कुठल्या कंपनीत नवी भरती झाली हे तिथल्या एजंटला आधी कळतं. तिथे लांबून स्वतः भाडेकरू शोधायचा हट्ट मी धरणार नाही.

लातूरचं गणित उलटं आहे. इथे दहावीचा निकाल लागला की जूनमध्ये आई-बाप लेकराला घेऊन ट्यूशन एरियात खोल्या बघत फिरतात. गेटवर ‘रूम भाड्याने देणे आहे’ अशी पाटी लावली की पंधरा दिवसांत खोली जाते. एजंट कशाला? मात्र हा हंगाम चुकला, ऑगस्ट उजाडला, तर ती खोली कधी कधी पुढच्या जूनपर्यंत ओस पडते. त्यामुळे रंगरंगोटी, नळ, पंखे हे मेमध्ये, नीटची परीक्षा होऊन जुनी मुलं गेली की लगेच उरका.

आपल्या फेऱ्यांचा खर्चही लिहा. 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झाल्यामुळे मला संभाजीनगरची फेरी परवडते, पण त्यात पूर्ण दिवस जातो आणि दुसऱ्या दिवशी कंबर बोलते. वर्षात चारपेक्षा जास्त फेऱ्या पडत असतील तर तिथल्या तिथे कोणीतरी नेमलेलं बरं.

आमच्या त्याच इमारतीत एक निवृत्त गृहस्थ राहतात. पाण्याच्या त्या प्रकारानंतर मी त्यांना महिना 500 रुपये देते. त्यांनी नको नको म्हटलं, तरी देते, कारण फुकटच्या कामाला हक्काने फोन करता येत नाही. दुसरी चावी त्यांच्याकडे असते. महिन्यातून एकदा मीटरचा फोटो पाठवतात, काही बिघडलं तर प्लंबरला आत नेतात. एजंट आणि आपण यांच्या मधला हा मार्ग मराठवाड्यातल्या गावांना सगळ्यात जास्त मानवतो, असं माझं ठाम मत आहे.

एजंट नेमलाच तर

भाडेकरूशी करार करतो तसा एजंटशीही दहा ओळींचा कागद करा. व्हॉट्सॲपवर लिहून त्याचं ‘हो’ घेतलं तरी चालेल, पण लिहिलेलं असू द्या. त्यात दलाली किती, ती कोणाकडून, आणि भाडेकरू तीन महिन्यांच्या आत सोडून गेला तर दुसरा फुकट देणार का, हे यावं. चावी कोणाकोणाला देणार आणि घर दाखवताना स्वतः हजर राहणार का, हेही यावं. दुरुस्तीचं काम त्याच्याकडे देणार असाल तर किती रुपयांपर्यंत न विचारता करायची तो आकडा घाला. मी 500 ठेवते.

अनामत आणि भाडं थेट तुमच्या खात्यात यायला हवं. ‘मी गोळा करून देतो’ हे कितीही सोयीचं वाटलं तरी नको. अनामत एजंटच्या खात्यात गेली आणि पुढे वाद झाला, तर ती परत करायची जबाबदारी भाडेकरू तुमच्यावरच टाकणार. भाडेकरूचा फोन नंबर करारावर तर असतोच, तो आपल्या फोनमध्येही पहिल्या दिवशी सेव्ह करा आणि एकदा बोला. मी ते केलं असतं तर त्या सकाळी दोन तास वाचले असते.

‘आम्ही रेरा नोंदणीकृत आहोत’ असं कोणी सांगितलं तर ती चांगली गोष्ट आहे, पण एवढं लक्षात असू द्या की महारेराची (घरबांधणी प्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाची) एजंट नोंदणी नोंदणीकृत प्रकल्पांतली घरं विकण्या-घेण्यासाठी आहे. भाड्याच्या व्यवहारासाठी ती लागत नाही. त्यामुळे त्या नंबरवरून भाड्याच्या कामात तो माणूस कसा आहे हे कळत नाही. त्याच्या हातून घर दिलेल्या दोन मालकांशी बोलणं याला पर्याय नाही.

आणि त्याच्या नावाने मुखत्यारपत्र करून देऊ नका. ऑनलाइन करारासाठी अंगठा घेणारा माणूस तुमच्या घरी येतो, मालक आणि भाडेकरूने एकाच खोलीत बसलंच पाहिजे असं राहिलेलं नाही. मग सही करण्याचा अधिकार दुसऱ्याला कशाला द्यायचा?

माणूस कसा पारखायचा

मी चार गोष्टी बघते: काय काम करतो, किती माणसं राहणार, याआधी कुठे राहत होता आणि ते घर का सोडलं. नोकरी असेल तर कंपनीचं ओळखपत्र आणि पगाराची चिठ्ठी. आधीच्या घरमालकाला मी स्वतः फोन करते आणि एकच प्रश्न विचारते, ‘‘पुन्हा द्याल का यांना घर?’’ उत्तर देताना समोरचा किती वेळ घेतो त्यावरून पुष्कळ कळतं.

आपल्याकडे आडनाव विचारून ‘खोली नुकतीच गेली’ असं सांगायची वाईट सवय आहे. जात, धर्म, एकटी राहणारी मुलगी, यावरून चांगली चांगली लेकरं दिवसभर उन्हात फिरताना मी पाहिली आहेत. एजंटलाही मी स्पष्ट सांगून ठेवलंय, की आडनावावरून कोणाला माझ्या दारातून परत पाठवायचं नाही. चौदा वर्षांत माझं भाडं बुडवलं ते दोघांनी, आणि दोघांची आडनावं गल्लीला पसंत पडतील अशीच होती.

करार: इथे घाई नको

सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहेत, म्हणून सावकाश सांगते.

पहिला गैरसमज, ‘बाँडवर नोटरी केली की झालं.’ दुसरा, ‘11 महिन्यांचा केला की नोंदणी लागत नाही.’ महाराष्ट्रात दोन्ही चूक. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम 1999 च्या कलम 55 प्रमाणे भाडेकरार असो की लिव्ह अँड लायसन्स (म्हणजे ठरलेल्या मुदतीपुरती जागा वापरायची फक्त परवानगी देणारा करार), तो लेखी असला पाहिजे आणि नोंदणी झालेला असला पाहिजे. मुदत किती महिन्यांची याने काही फरक पडत नाही. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. ती केली नाही आणि वाद झाला, तर कोणत्या अटीवर घर दिलं याबद्दल भाडेकरू जे सांगेल तेच खरं धरलं जातं, उलट सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा कायद्यात आहे. एजंटने नोटरी करून दिली असली तरी यात अडकतो तो मालक.

खर्च बघितला तर लोक उगाच घाबरतात हे दिसेल. मुद्रांक शुल्क पूर्ण मुदतीच्या भाड्यावर 0.25 टक्के, आणि परत करायच्या अनामतीवर वर्षाला 10 टक्के व्याज धरून ती रक्कम त्यात मिळवायची. भाडं 8,000, मुदत 11 महिने, अनामत 25,000 धरा. भाडं झालं 88,000, अनामतीवरचं धरलेलं व्याज साधारण 2,292, मिळून 90,292. त्यावर शुल्क सव्वादोनशे रुपयांच्या आसपास. नोंदणी फी महापालिका-नगरपालिका हद्दीत 1,000, ग्रामीण भागात 500. ऑनलाइन करून देणारा माणूस आपला मेहनताना वेगळा घेतो, तो आधी ठरवा.

नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-नोंदणीची सोय आहे. मालक, भाडेकरू आणि ओळख पटवणारे दोघे, सगळ्यांचे आधार क्रमांक, अंगठे आणि फोटो लागतात. अंगठा घ्यायचं यंत्र आणि वेबकॅम हाताशी नसतो, म्हणून अधिकृत सेवा देणाऱ्याला बोलावणं सोपं पडतं. एक घरगुती सूचना करते. ज्या बायांचे हात भांडी-कापडाने घासलेले असतात त्यांचे ठसे यंत्र पटकन घेत नाही. माझा उजवा अंगठा चार वेळा नाकारला गेला. आदल्या रात्री हाताला खोबरेल तेल लावा, सकाळी साबणाने धुऊन कोरडे करा, आणि दुसरं बोट चालतंय का तेही बघायला सांगा.

छापील नमुन्यावर सही करण्याआधी मजकूर स्वतः वाचा. माझ्या करारात या गोष्टी असतातच: किती माणसं राहणार त्यांची नावं, भाड्याची तारीख, वीजबिल आणि सोसायटीचा देखभाल खर्च कोणाकडे, दोन्ही बाजूंनी किती दिवसांची पूर्वसूचना, किरकोळ दुरुस्ती कोणाची आणि मोठी कोणाची, पोटभाडेकरू ठेवायचा नाही, आणि सामानाची यादी.

विद्यार्थ्यांना खोली देणाऱ्यांनी एक गोष्ट फार जपावी. अकरावी-बारावीची लेकरं अठराच्या आतली असतात. भारतीय करार कायदा 1872 प्रमाणे अज्ञान व्यक्ती करार करू शकत नाही. लेकराची सही घेऊन उपयोग नाही, करार वडिलांशी किंवा आईशी करा आणि राहणारा म्हणून मुलाचं नाव आत लिहा.

करार झाला की पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती द्या. महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावरही भरता येते. जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्त याबद्दल वेळोवेळी आदेश काढतात आणि तो मोडला तर मालकावर गुन्हा दाखल होऊ शकतो. पोच जपून ठेवा. फ्लॅट सोसायटीत असेल तर सोसायटीला कराराची प्रत द्या. भाड्याने दिल्याबद्दल सोसायटी जे ना-वापर शुल्क लावते ते सेवा शुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, 2001 पासून शासनाचा तसा आदेश आहे. कोणी मनाला येईल तो आकडा सांगितला तर हा आदेश पुढे करा.

चावी देण्याचा दिवस

त्या दिवशी शक्य असेल तर स्वतः जा. फोन हातात घेऊन दारापासून सुरुवात करा आणि न थांबता सगळ्या घराचा व्हिडिओ काढा. भिंती, खिळ्यांची भोकं, फरशीचे तडे, प्रत्येक पंखा चालू करून, प्रत्येक नळ सोडून. मीटरजवळ गेल्यावर आकडा स्पष्ट दिसेल असा फोटो आणि तो लगेच भाडेकरूला पाठवा. तो ‘ओके’ म्हणाला की त्या आकड्यावर नंतर भांडण नाही.

मग पाणी समजावून सांगा. बाहेरच्या माणसाला आपलं पाणी कळत नाही. संभाजीनगरला जायकवाडीचं पाणी, तरी नळाला येतं ते काही दिवसांच्या अंतराने, आणि लातूरकरांनी तर 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने आलेलं पाणी प्यायलंय. पुण्या-नाशिककडून आलेल्या भाडेकरूला हौद, गच्चीवरची टाकी, बोअरचं वेगळं कनेक्शन, मोटारीची वेळ, कुठला कॉक कुठल्या लाइनचा, हे सगळं हात लावून दाखवावं लागतं. आता मी कॉकवर ऑइल पेंटने नाव लिहून ठेवलंय आणि सिंकवर कागद चिकटवलाय: ‘पाणी नसलं तरी नळ बंद करा.’ गावाला जाताना घराचा मुख्य कॉक बंद करायचा, ही ओळ करारातही घातली आहे.

बोअरचं पाणी जड असतं. सहा-आठ महिन्यांत नळाच्या तोंडाच्या जाळीत पांढरे क्षार साचतात आणि धार करंगळीएवढी होते. भाडेकरू म्हणतो मोटार कमजोर आहे, प्लंबर म्हणतो पाइप बदला. आधी ती जाळी फिरवून काढा, लिंबाच्या रसात किंवा व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवा, सकाळी जुन्या टूथब्रशने घासा. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. गीझरची कॉइल मात्र दरवर्षी हिवाळ्याआधी तपासून घ्यावी लागते, तो खर्च मी माझा धरते.

विजेचं

वरच्या खोल्यांना मिळून एकच मीटर असेल तर महिन्याला कटकट ठरलेली. महावितरणचा घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो: 100 युनिटपर्यंत एक दर, पुढे 300 पर्यंत दुसरा, मग 500 पर्यंत तिसरा. तीन बिऱ्हाडांचा वापर एका मीटरवर आला की सगळे मिळून वरच्या टप्प्यात जातात आणि प्रत्येकाला युनिट महाग पडतं. प्रत्येक खोलीला स्वतंत्र वीजजोडणी घेणं एकदाच खर्चाचं आहे, पण भाडेकरूंच्या दृष्टीनेही तेच न्यायाचं. तोवर सबमीटर लावलात तर बिलाची प्रत सगळ्यांना दाखवा आणि त्यावर स्वतःचा नफा ठेवू नका. बिलाचा एसएमएस आपल्या नंबरवर येईल असं करून घ्या. थकबाकी झालेली कळायला त्याहून सोपा मार्ग नाही.

भाड्याची तारीख आणि सोयाबीन

नोकरदाराकडून मी दर महिन्याच्या पाच तारखेपर्यंत खात्यात घेते. रोख घेतलं तर पावती देतेच, ती देणं कायद्याने मालकाचं कर्तव्य आहे.

शेतकरी आई-बापांचं वेळापत्रक वेगळं असतं. अहमदपूरकडचे एक वडील पहिल्यांदा आले तेव्हा हात जोडून म्हणाले, ‘‘ताई, लेकरू तुमच्या पदरात टाकतो. दर महिन्याला पैसे नाही जमणार, सोयाबीन निघालं की एकदम देतो.’’ एजंटच्या नमुन्यात असं कलम नसतं. आम्ही लिहिलं: सहा महिन्यांचं भाडं सोयाबीन विकल्यावर, 30 नोव्हेंबरपर्यंत. उरलेलं तूर गेल्यावर, 31 मार्चपर्यंत. अनामत एका महिन्याची. दोन वर्षं त्या माणसाने एकदाही तारीख चुकवली नाही. ज्याला पगार नाही त्याच्याकडे पगाराच्या तारखेला मागितलं की तो खोटं बोलायला शिकतो आणि आपण फोन करून दमतो. अतिवृष्टीच्या वर्षात मात्र वाट बघायची तयारी ठेवावी लागते. तेवढी ऐपत नसेल तर हा प्रकार करू नका, ते आधीच स्पष्ट सांगा.

मुदत संपली आणि भाडेकरू हलेना

अशा वेळी रागाच्या भरात पाणी तोडणं, लाइट बंद करणं, सामान बाहेर काढणं, यातलं काहीही करू नका. अत्यावश्यक सेवा तोडणं याच 1999 च्या कायद्याने गुन्हा आहे. भाडेकरू राहत असताना घर बघायला जायचं तरी आधी कळवून, वाजवी वेळी जायचं.

राहण्यासाठी लिव्ह अँड लायसन्सवर घर दिलं असेल तर कलम 24 कामाला येतं. मुदत संपूनही घर सोडलं नाही तर दिवाणी दाव्याच्या लांब रांगेऐवजी सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे या कायद्याखाली नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करता येतो. नोटीस मिळाल्यावर समोरच्याला 30 दिवसांत, मला बाजू मांडू द्या, अशी परवानगी मागावी लागते. मुदत संपल्यानंतरच्या दिवसांसाठी ठरलेल्या शुल्काच्या, म्हणजे भाड्याच्या, दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते. पण या सगळ्याचा पाया म्हणजे तो नोंदवलेला करार. दुकान-गाळ्याला हे कलम लागू नाही, तिथे वकिलाचा सल्ला घेऊनच मजकूर करा.

आयकर

थोडक्यात सांगते. भाडं हे घरापासूनचं उत्पन्न म्हणून दाखवावं लागतं. त्यातून त्या वर्षी मालकाने भरलेली घरपट्टी वजा होते आणि उरलेल्या रकमेतून सरसकट 30 टक्के. वर्षाचं भाडं 96,000 आणि घरपट्टी 4,000 असेल तर उरले 92,000, त्याचे 30 टक्के 27,600, म्हणजे करासाठी धरायचे 64,400. दलाली, रंग, प्लंबर यांची वेगळी वजावट मिळत नाही, ते त्या 30 टक्क्यांतच आलं. एजंट ‘माझी फी टॅक्समधून वजा होते’ म्हणाला तर ते खरं नाही. घरपट्टी वेळेत भरायला हे आणखी एक कारण, कारण थकलेली घरपट्टी वजा होत नाही.

घर सोडताना

चावी दिली त्या दिवशीचा व्हिडिओ उघडा आणि भाडेकरूसोबत तसंच दारापासून चाला. दोन वर्षांत भिंतीचा रंग उतरणारच, तो वापर आहे, त्याचे पैसे कापू नका. फुटलेलं बेसिन किंवा मोडलेली खिडकी हे नुकसान. जे कापाल ते बिलासह लिहून द्या. शेवटचं मीटर रीडिंग घ्या, आलेलं आणि यायचं बिल हिशेबात धरा, आणि उरलेली अनामत त्याच दिवशी त्याच्या समोर खात्यात पाठवा. अनामत अडवून ठेवणाऱ्या मालकांमुळेच भाडेकरू शेवटचे दोन महिने भाडं बुडवून जातात.

मग कुलपाची आतली लिव्हर बदलून घ्या. किती चाव्या बाजारातून करून आणल्यात हे कोणालाच माहीत नसतं.

आणि नवा करार झाला त्याच दिवशी फोनच्या कॅलेंडरमध्ये नवव्या महिन्याची एक तारीख टाकून ठेवा. त्या दिवशी भाडेकरूला फोन करून विचारायचं, ‘‘पुढे राहणार आहात का?’’ नाही म्हणाला तर एजंटला फोन करायला किंवा गेटवर पाटी लावायला हाताशी पूर्ण दोन महिने असतात.